चाकांवरचे बिऱ्हाड

समुद्राशी आम्हा इंदूरकरांचे नाते सोयरिकीचे नव्हे, फार तर तोंडओळखीचे. खान आणि सरस्वती या आमच्या गावच्या नद्या. त्यांच्यावरून कोणी सागराची कल्पना करू म्हणेल, तर ती नद्यांची थट्टा होईल आणि सागराचीही. नर्मदा आहे, पण तिला आम्ही मैया म्हणतो, आणि मैयाचा पैलतीर दिसतो. तेव्हा, "आम्ही कारवान घेऊन कोकणच्या किनाऱ्याने जाणार आहोत," असे मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत सांगितले, त्या वेळी एका स्नेह्याने गंभीर चेहऱ्याने विचारले, "उंट किती घेणार?"

उंट नव्हते. एक लांबुळकी गाडी होती. तिच्या पोटात दोन पलंग, एक बाकडे, एक शेगडी, छोटेसे शीतकपाट, पाण्याची टाकी आणि (ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ते) शौचालय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशा गाड्या ड्रायव्हरसकट भाड्याने मिळू लागल्याचे माझ्या पुतण्याने पुण्याहून कळवले. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, एकदा गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जायचे होते. व्याडेश्वर आमचे कुलदैवत. अप्पांचे वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे रुसलेले. लॉजचे जिने आणि रस्त्यावरची स्वच्छतागृहे या दोन गोष्टींच्या धास्तीने हा कुलाचार वीस वर्षे लांबला होता. वृद्धांच्या तीर्थयात्रा भक्तीवाचून अडत नाहीत, त्या अशाच कारणांनी अडतात. ही गोष्ट प्रवासवर्णनांत सहसा येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

अप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. माळव्यातले लहानमोठे पूल बांधण्यात त्यांची हयात गेली. याचा उल्लेख पुढे लागणार आहे.

२०२४ मध्ये, पौष अमावास्येच्या दिवशी आम्ही मुंबईहून निघालो. मी, आमची मंडळी, अप्पा आणि साताऱ्याकडचा एक तरुण ड्रायव्हर, जो पहिल्या तासातच अप्पांना 'आजोबा' म्हणू लागला. मंडळींनी इंदुरी शेव, पोहे आणि जिरावनची पुडी बरोबर घेतली होती. कोकणात पोहे घेऊन जाणे म्हणजे काशीत गंगाजल नेण्यासारखेच, पण बोलण्यात अर्थ नव्हता. (पुढे एका घरी आम्हाला ओल्या नारळाचे सुरेख दडपे पोहे मिळाले. मंडळींनी घरमालकिणीची नजर चुकवून त्यांवर जिरावन भुरभुरलेच.)

शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा तो समुद्रावरचा पूल जानेवारीतच खुला झालेला. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर. अप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. मध्येच त्यांनी ड्रायव्हरला, "जरा हळू घे बाबा, सांधे मोजतोय," असे सांगितले. वीस-पंचवीस मिनिटांत समुद्र पार झाला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी एका पावसाळ्यात दोन खांब उभे राहिले तर पेढे वाटायचे."

अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड हा पुढचा रस्ता पुष्कळांच्या पायाखालचा आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. मुरूडला जंजिऱ्याच्या नवाबांचा वाडा टेकडीवरून समुद्राकडे पाहत उभा आहे. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले, त्याच वर्षी आमचे होळकरांचे राज्यही मध्यभारतात मिसळले. त्यामुळे त्या वाड्याकडे पाहताना मला उगाच लालबाग पॅलेसची आठवण झाली.

खरा प्रवास मुरूडनंतर सुरू झाला. इथल्या किनाऱ्याची घडणच अशी की त्याच्या कडेकडेने सलग जाता येत नाही. सह्याद्री समुद्रापासून फार लांब नाही. त्यावरून उतरणाऱ्या नद्या आखूड, पण मुखाशी रुंद. भरतीचे पाणी त्यांत कित्येक कोस आत शिरते. म्हणून प्रत्येक बंदर आपापल्या खाडीच्या टोकाशी एकटे. शेजारचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते, आणि गाडीने जायचे तर डोंगराकडे आत जाऊन, नदीला वळसा घालून पुन्हा खाली यायचे. बोटी चालत होत्या तोवर समुद्र हाच हमरस्ता होता. बोटी गेल्या, आणि मोटारींच्या युगात ही गावे एकमेकांपासून दूर गेली. आता मुरूड ते रत्नागिरी या टप्प्यात राजपुरीची, बाणकोटची, दाभोळची आणि जयगडची अशा चार खाड्यांवर मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. आपले घर चाकांवर, आणि ते घर नावेवर! आगरदांड्याला आमची गाडी पहिल्यांदा बोटीवर चढली, तेव्हा मंडळींनी शेगडीवरचा चहा उतरवला नाही. राजपुरीची खाडी पार होईतो तो तयार झाला.

दिघीहून दिवेआगर आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धन हा रस्ता मात्र सारा समुद्राला चिकटून जातो. डावीकडे डोंगर, उजवीकडे खडक आणि फेस. अप्पांना आडवे झोपून समुद्र पाहता येत होता, आणि ते सुख त्यांनी मनसोक्त घेतले. पण गावात शिरले की कारवानची मिजास उतरते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर नारळी-पोफळीच्या झावळ्या, आणि समोरून एस. टी. येते. त्या ड्रायव्हरने आमच्या गाडीकडे जी नजर टाकली, ती हत्तीवरून येणाऱ्या जहागीरदाराने गाढवावरच्या कुंभाराकडे टाकावी तशी होती. आम्ही दोनशे हात मागे आलो.

श्रीवर्धनला एका वाडीच्या खळ्यात मुक्काम केला. हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. सिद्द्याशी बिनसले म्हणून ते घाट चढून देशावर गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांच्या मुलाने, बाजीरावाने, माळव्यात फौजा घातल्या. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार तिकडे स्थिरावले, आणि त्यांच्या पाठोपाठ कारकून, भिक्षुक, वैद्य असा मराठी संसार चंबळेपर्यंत पसरला. आमचे घराणे त्यांतलेच. म्हणजे इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या माणसाची गोष्ट कुठेतरी या पोफळींखाली सुरू होते. अप्पा पुतळ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "यांचे सिद्दीशी पटले असते, तर तू आणि मी सुपाऱ्या सोलत असतो."

पण सुपाऱ्या सोलणे हीही सोपी गोष्ट राहिलेली नाही. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. वाडीचे मालक आम्हाला आत घेऊन गेले, तेव्हा वर पाहिले तर डोक्यावर मोठे उघडे आकाश. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. आजोबा-पणजोबांनी लावलेल्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीला सावली लागते आणि फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. नारळ मोडला म्हणून सावली गेली, सावली गेली म्हणून नवे रोप करपते. मालक कमरेएवढ्या रोपांवर झावळ्यांचे आडोसे करून बसले होते. ते म्हणाले, "माझ्या हयातीत बाग पुन्हा होईल की नाही, कोण जाणे. पण रिकामी जमीन बघवत नाही हो." मला उत्तर सुचले नाही. जे गेले त्यांची नावे बखरींत आली. जे राहिले ते असे झावळ्या बांधीत राहिले.

दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, सकाळी सातच्या सुमारास आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी. पैलतीरावरचा मनुष्य ओळखू यावा एवढेच अंतर. बोट लागली, फळी खाली आली, ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली, आणि मागून असा काही खरखराट झाला की मंडळींच्या हातातला डबा पडला. ओहोटीमुळे बोट खोल गेली होती. धक्क्याचा उतार आणि फळी यांचा कोन मोठा, आणि आमच्या गाडीची शेपटी मागच्या चाकांपासून पुष्कळ बाहेर आलेली. ती जमिनीला घासत होती. बोटीवरच्या पोराने हात वर केले. "काका, ही नाय चढायची. पाणी भरू दे. साडेनऊशिवाय होत नाय."

"भैया, तुम्हाला कसे कळले साडेनऊ?" अप्पांनी विचारले. इंदुरात आम्ही भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना भैया म्हणतो. तो पोरगा हसला. "भैया नको, भाऊ म्हणा. आज दुसरी ना? दुणे पाऊण दीड. दीडला पुरी भरती. सहा तास आधी पुरी ओहोटी. मग दोन तास पाणी चढायला."

हा हिशोब ऐकून अप्पा सरसावून बसले. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. शुद्ध असो वा वद्य. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, त्याच्या मागून पाणी येते, एवढेच यातले इंगित. आमच्या घरी पंचांग दररोज उघडते ते उपास आणि श्राद्धे पाहण्यासाठी. तेच पंचांग इथे मोटार बोटीवर चढवण्याच्या कामी येते, हे पाहून अप्पांना आपण ऐंशी वर्षे अर्धेच पंचांग वाचले असे वाटले असावे. "पण हा ढोबळ हिशोब," पोरगा म्हणाला. "खाली दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधीच येते. पाऊण तास धरून चाला."

अडीच तास आम्ही धक्क्यावर बसलो. घरच बरोबर असल्याने तक्रारीला जागा नव्हती. पोहे झाले. बोटीवरच्या दोघांना दिले. जिरावन त्यांना आवडले नाही, हे त्यांनी फार सभ्यपणे लपवले. खाडीत एका अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे होते. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने महामार्ग करायचा, ही कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ ची. चाळीस वर्षे ती कागदावर आणि थोडी पाण्यात उभी आहे. आता या खाड्यांवर पूल बांधायचा बेत पुन्हा पुढे आला आहे. मी म्हणालो, "न होवोत ते पूल! ही बोट, हा चहा, हा पोरगा, सगळे जाईल."

अप्पा काही बोलले नाहीत. ते त्या खांबांकडे, आपल्या जातीतला कोणी आजारी दिसावा, तसे पाहत होते. दोन दिवसांपूर्वी वीस मिनिटांत समुद्र ओलांडलेले आम्ही, एका खाडीच्या काठी अडीच तास पाण्याची वाट पाहत होतो.

वेश्वीला उतरल्यावर वेळास लागले. हे नाना फडणवीसांचे गाव. आता गावाची ओळख मात्र कासवांनी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून परतते. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्री खात, माणसेही नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांचे रक्षण सुरू केले, आणि पिले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊन गावातल्या घरांत उतरू लागले. आम्हाला एकही पिलू दिसले नाही. जाळीचे कुंपण आणि वाळूत खोचलेल्या तारखांच्या पाट्या पाहून आम्ही पुढे गेलो. हर्णैच्या मासळीच्या लिलावाबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. अप्पा आणि मंडळी तेवढा वेळ खिडक्या लावून गाडीत बसली होती.

तृतीयेला दाभोळ. एके काळचे भरभराटीचे बंदर. काठाशी आदिलशाहीच्या काळातली मशीद घुमट सावरून उभी. इथून धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ पासून चालते. दुपारी पाणी चढलेले होते, म्हणून गाडी निमूट चढली. बोटीवर एक बाई आमच्या दाराशी येऊन थांबल्या. बरोबर त्यांची आई. दापोलीला डॉक्टरांकडे दाखवून परत निघालेल्या. म्हातारीला उन्हात उभे राहवत नव्हते. मंडळींनी तिला आत बोलावून पलंगावर निजवले.

बाई म्हणाल्या, "बरं आहे हो तुमचं. घरच घेऊन फिरता." मी आपले नेहमीचे भाषण काढले. बोटीची गंमत, खाडीवरचा वारा, पूल झाला की हे सगळे जाईल वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मागच्या पावसात हिला रात्री दम लागला. शेवटची बोट गेलेली. पलीकडे दवाखान्याचे दिवे दिसत होते. चिपळूणवरून वळसा म्हणजे शंभरावर किलोमीटर. सकाळपर्यंत हिला मांडीवर घेऊन बसले." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हाला बोट गंमत आहे, काका. आम्हाला ती दिवसाच आहे."

मी पाण्याकडे पाहू लागलो. दुसरीकडे पाहण्यासारखे नव्हते.

धोपाव्याला म्हातारीला रिक्षात बसवून दिल्यावर अप्पांनी एक गोष्ट सांगितली. भाऊ असून ती मी ऐकली नव्हती. १९७४-७५ च्या सुमारास कालीसिंधवर त्यांनी एक पूल बांधला. तिथे एक नावाडी होता. त्याचे वडील, आजोबा त्याच घाटावर नाव चालवीत. पूल बांधणाऱ्या मजुरांनाही दोन वर्षे तोच ने-आण करी. उद्घाटनाचे हार-तुरे झाले, गाड्या गेल्या, मग तो अप्पांजवळ आला. "साब, पुल बहुत अच्छा बना. अब नाव का क्या करूँ?" अप्पांनी त्याला पुढच्या पुलावर चौकीदार म्हणून लावून घेतले. त्याने नाव मात्र विकली नाही. घरासमोर पालथी घालून ठेवली, आणि त्याच्या बायकोने तिच्यावर गोवऱ्या थापल्या.

"पूल व्हायलाच हवा," अप्पा म्हणाले. "बागमांडल्याचाही. ते खांब तसे ठेवणे हे पाप आहे. पण पूल बांधणाऱ्याने त्या बोटीवरच्या पोराचे नाव-गाव लिहून घ्यायला हवे. आमच्या अंदाजपत्रकात त्याचा रकाना नसे."

गुहागरला व्याडेश्वराचा अभिषेक यथासांग झाला. पुजाऱ्यांनी घराण्याचे नाव विचारले, "इंदूरचे का? अजून येतात हो तिकडून," म्हणून प्रसादाचा नारळ हातावर ठेवला. वीस वर्षांचे राहिलेले काम पंचवीस मिनिटांत झाले. अप्पा सभामंडपात खांबाला टेकून बराच वेळ बसले होते. मी हाक मारली नाही.

तो दिवस माघी चतुर्थीचा, म्हणजे गणेशजयंतीचा. हेदवीला दशभुज गणपतीकडे गर्दीची रीघ. पण अप्पांना त्या दिवशी दर्शनापेक्षा घाई दुसरीच होती. हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, खडकात एक अरुंद, खोल चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी तिच्यात कोंडते आणि कारंज्यासारखे उभे उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसतो. अप्पांनी सकाळीच डायरीत मांडून ठेवले होते. चतुर्थी, चार पाऊण तीन. दक्षिणेचे म्हणून पाऊण तास वजा. सव्वादोन.

दोन वाजता आम्ही तिथे होतो. ड्रायव्हरने आणि गावातल्या दोन मुलांनी मिळून अप्पांना घडीच्या खुर्चीसकट उचलून खडकांअलीकडे, बेताच्या अंतरावर नेऊन बसवले. पाणी आतल्या आत गुरगुरत होते. मग एक लाट आली आणि घळीतून तिच्या दुप्पट उंच उठली. दुसरी तिच्याहून मोठी. मंडळी मागे सरकल्या. अप्पांचे लक्ष लाटेकडे कमी आणि मनगटाकडे जास्त. एकीचा फवारा थेट खुर्चीपर्यंत आला, चष्मा भिजला, डायरीची शाई पसरली. त्यानंतर तेवढी उंच लाट पुन्हा आली नाही.

अप्पांनी चष्मा उपरण्याला पुसला आणि घड्याळ माझ्यापुढे धरले. "दोन-वीस. पाच मिनिटे चूक," ते म्हणाले. "बागमांडल्याच्या त्या पोराचे नाव विचारायचे राहिले रे. त्याला कळवायला हवे होते."